लाल बटणाचा डबा की रोवेनाबायचा कॉम्प्युटर

मस्कत, ६ जुलै २००३

रोवेनाबाय,

पत्र उघडायच्या आधी दार लाव. आई येऊन विचारेल, काय लिहिलंय? सांग की तब्येतीचं लिहिलंय. तब्येत एकदम फर्स्टक्लास आहे. झालं, आता तुला खोटं बोलावं लागणार नाही.

मला सुचलंय! हसू नकोस. गॅरेज सोडलं तेव्हा, बेकरी सोडली तेव्हा, कोंबड्या मेल्या तेव्हा, दर वेळी मी हेच म्हणालो होतो, मला आठवतं. पण त्या सगळ्या दुसऱ्यांच्या कल्पना होत्या. ही माझी आहे. तीन वर्षं इथे एसीचे पत्रे वाकवतोय, पत्रे वाकडे करता करता डोकं सरळ झालं.

आपली केळी पिकवायची खोली. पप्पा आता केळी कच्चीच व्यापाऱ्याला देतात, खोली रिकामी पडलीय. जाड भिंती, खिडकी नाही, आतून सगळीकडे पेंढा आणि सुकी पानं. लहानपणी तू मला तिथे कोंडलंस, मी तासभर बोंबललो आणि कोणाला काही ऐकू गेलं नाही. बाय, त्यालाच स्टुडिओ म्हणतात! लोक लाखो रुपये घालतात तशी खोली करायला. आपली फुकट, वर केळ्यांचा वास.

पहिलं रेकॉर्डिंग ऑगस्टीन अंकलच्या बॅण्डचं. वसईतली निम्मी लग्नं आणि सगळी मयतं ज्यांच्या बॅण्डवर चालतात त्यांची एक साधी सीडी नाही? सीडी काढली की अंकल खूश. अंकल खूश झाले की मी म्हणणार, अंकल, मला तुमची फ्लॉसी द्या.

हे फक्त तुला ठाऊक आहे. फ्लॉसीला पण ठाऊक आहे, म्हणजे तिचंच ते आहे. अंकलना कळलं तर संपलंच. त्यांच्या मोठ्या पोरीचा, रिटाचा, नवरा कुवेतला, तर ते म्हणतात, 'एक जावई फोटोत बघतो, दुसरा मला अंगणात बघायचाय.' आणि मला त्यांनी एकदा बॅण्डमधून काढलंय, ताशा वाजवताना मी सगळ्यांच्या पुढे पळायचो म्हणून. तर मला धंदा गावातच पाहिजे. इथे नवीन करारावर नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत सही मागतात. सही केली की अजून तीन वर्षं. तीन वर्षं फ्लॉसी थांबेल, तिचा बाप थांबणार नाही.

आता मशीन कुठलं घेऊ ते सांग. रुवीच्या दुकानात एक डबा बघितला. आठ ट्रॅकचा रेकॉर्डर. आत डिस्क, बाजूला सीडी बनते, आणि एक लाल बटण. दाबलं की चालू. आठवी नापास माणसाला अजून काय पाहिजे?

तुझा ॲन्सेल्म


निर्मळ, २० जुलै २००३

प्रिय ॲन्सेल्म,

दार लावलं होतं. तुझी आई, आमची काकू, खिडकीतून विचारत होती.

पहिली गोष्ट, कोंबड्या मेल्या नव्हत्या, तू दार उघडं टाकून सिनेमाला गेलास आणि मुंगूस आलं. दुसरी गोष्ट, तुझी कल्पना चांगली आहे. हे वाक्य कापून भिंतीवर लाव, पुन्हा मिळणार नाही.

पण डबा कशाला रे? कॉम्प्युटर घ्यायचा! मी तुळिंजला क्लासमध्ये दिवसभर पोरांना हेच शिकवते. डब्याला आठ ट्रॅक म्हणजे आठच. कॉम्प्युटरला पाहिजे तेवढे. डब्याला आगपेटीएवढी काच, त्यात काय दिसणार? कॉम्प्युटरवर आवाज डोळ्यांना दिसतो, डोंगर आणि दऱ्या. चूक झाली की तेवढाच तुकडा कापायचा. डबा बिघडला तर घेऊन मस्कतला जाणार का? कॉम्प्युटर बिघडला तर फुलपाड्यात माझा एक जुना विद्यार्थी येऊन पंख्याला फुंकर मारतो आणि तो चालू होतो.

आणि ट्रॉम्बोनवाल्या सॅन्टन काकांचं काय करणार? प्रत्येक गाण्यात एकदा तरी त्यांचा सूर बैलासारखा बाहेर निघतो. लाल बटण दाबून तो बैल आत जाणार आहे का? कॉम्प्युटरवर मी त्याला एका मिनिटात गोठ्यात घालीन.

फ्लॉसी बरी आहे. बँकेत जाताना स्कूटर आपल्या दारावरून हळू नेते. घरात तू नाहीस, तरी हळू नेते. याचं काय करायचं?

रोवेना


मस्कत, ५ ऑगस्ट २००३

बाय,

हळू नेते! हे वाक्य मी भिंतीवर लावलं, तुझं नाही लावलं.

आता भांडू. कॉम्प्युटर मी बघितलाय. आमच्या ऑफिसात आहे. सकाळी चालू करतात, मग सगळे चहा पिऊन येतात, तरी तो चालू होतच असतो. बंद करायला गेलं तर विचारतो, खरंच बंद करायचंय का? अरे, मी काय मस्करी करतोय? आणि त्याच्या पोटात पंखा घूं घूं करतो. तो पंखा ऑगस्टीन अंकलच्या कॉर्नेटच्या मागे सीडीभर वाजणार. लोक म्हणतील, बॅण्डमध्ये हा भुंगा कोण?

दुसरं म्हणजे लाईट. तुझ्या मागच्या पत्रात दोन ठिकाणी शाई बदललीय आणि मेण सांडलंय. म्हणजे एका पत्रात दोनदा लाईट गेली.

तिसरं महत्त्वाचं. तुझ्या कॉम्प्युटरला माइकचं भोक एक. म्हणजे नऊ माणसं एकेक करून वाजवणार, आणि तू मग त्यांना शिवणार, गोधडीसारखं. बॅण्ड असा असतो का? बॅण्ड म्हणजे नऊ माणसं एकमेकांच्या घामाच्या वासात उभी राहतात आणि एकदम फुंकतात. सॅन्टन काकांचा बैल पाहिजेच त्यात. बैल नसेल तर वसईचा माणूस ओळखणार कसा की हा आपला बॅण्ड?

काल परत दुकानात गेलो, सहज. दुकानदार मल्याळी आहे, मला आता नावाने हाक मारतो. मी डब्याला हात लावून आलो, एवढंच. तू काळजी करू नकोस, तुझा सल्ला आल्याशिवाय मी काही घेणार नाही.

तुझा ॲन्सेल्म

ता.क. समजा, नुसतं समजा, मोठा खोका विमानात पायाशी ठेवायला देतात का?


निर्मळ, २२ ऑगस्ट २००३

ॲन्सेल्म,

घाईत लिहिते. खोका पायाशी ठेवायला देत नाहीत, आणि तू 'समजा' असं लिहितोस तेव्हा ते झालेलं असतं. मी तुला ओळखते.

केळ्यांच्या खोलीची किल्ली मी काकूकडून घेतलीय. साफसफाईसाठी. बाकी काही नाही. पुढच्या महिन्यात काका-काकू वांद्र्याच्या जत्रेला जातील, तेव्हा शांतपणे झाडून घेईन. आत एक विजेचा बोर्ड पण लावून घेतलाय, झाडताना उजेड लागतो म्हणून.

तू फक्त सल्ल्याची वाट बघ.

रोवेना


मस्कत, २२ सप्टेंबर २००३

रोवेनाबाय,

मी मेलो का?

खरं सांग. मला इथे कोणी सांगत नाही. शनिवारी दुपारी आमच्या सालोमी मावशीचा मार्क, जो माझ्याच खोलीत राहतो, त्याला मावशीचा फोन आला. मावशीने रडत रडत बॅण्ड, फुलं, विमानातली बॉडी असं काहीबाही सांगून विचारलं, 'ॲन्सेल्म कसा गेला रे?' मार्क म्हणाला, 'बसने गेला.' मावशीने किंकाळी फोडली, 'बसखाली?' आणि फोन कट झाला. मी रुवीहून परत आलो तर मार्क दारात उभा. म्हणाला, तुझ्या घरी बॅण्ड वाजतोय, फुलं गोळा झालीत, तुझी बॉडी विमानात आहे असं गावात ठरलंय.

बाय, मी स्वतःला चिमटा काढला. मग मार्कला पण काढला, खात्रीसाठी.

घरी फोन लावला, वाजतोय, कोणी उचलत नाही. दुसऱ्या दिवशी आई सापडली, जत्रेहून नुकतीच आलेली. म्हणाली, 'तू जिवंत आहेस ते मला माहीत आहे, फोनचं बिल कशाला वाढवतोस? रोवेनाला विचार, सगळे तिचे उद्योग.' आणि ठेवला.

काय उद्योग? तू माझ्या खोलीत नक्की काय झाडलंस? आणि फ्लॉसीला हे कोणी सांगितलं तर नाही ना? तिने ऐकलं असेल तर काय झालं असेल? दोन दिवस पत्रा वाकवताना मोजमाप चुकतंय. फोरमन म्हणाला, तुझं लक्ष कुठे आहे? मी म्हणालो, साहेब, मयताला गेलंय.

लवकर लिही!!

ॲन्सेल्म (जिवंत)


निर्मळ, २३ सप्टेंबर २००३

प्रिय ॲन्सेल्म,

तुझ्या कॅम्पचा फोन तीन दिवस लागत नाही म्हणून लिहिते. बसून वाच. मी तुझ्याशी खोटं बोलले. झाडत नव्हते. मी कॉम्प्युटर आणला होता. तू डिसेंबरमध्ये येशील तेव्हा सीडी तयार ठेवायची, तुझ्या हातात द्यायची आणि तू थेट अंकलकडे जायचं, असं माझ्या मनात होतं. अंकलना म्हटलं, क्लाससाठी नमुना पाहिजे. फ्लॉसीलाही सांगितलं नव्हतं.

शनिवारी दुपारी सगळा बॅण्ड आला. बाकीचे अंगणात बसले, अंकल एकटे खोलीत. कानाला हेडफोन, तोंडाला कॉर्नेट, वरातीची चाल. मी सुरू केलं.

आता हे नीट समजून घे, कारण मला दोन दिवसांनी समजलं. कॉम्प्युटर आवाज आधी गिळतो, चावतो आणि मग कानात परत देतो. त्यात जरा उशीर होतो, डोळा मिचकावण्याएवढा. अंकलना स्वतःचाच सूर हेडफोनमध्ये मागून यायला लागला. आणि अंकल काय माणूस आहेत? चाळीस वर्षं त्यांनी मागे राहिलेल्याला कधी सोडून दिलं नाही. त्यांना वाटलं, कोणीतरी मागे पडलंय. ते थांबले त्याच्यासाठी. मग कॉम्प्युटर अजून मागे. ते अजून थांबले. तो सूर अजून मागे. असं करत करत, ॲन्सेल्म, वरात रांगायला लागली. खोलीचं दार अंगणाकडे उघडं होतं. तिथे सगळ्यांनी टोप्या काढल्या. बॅण्डमास्तर अंकलनी चाल बदलली असं समजून सॅन्टन काका उठून उभे राहिले आणि त्यांनी मयताचा सूर धरला. मागून बाकी सात जणांनी. नऊच्या नऊ जण, भर दुपारी, रिकाम्या अंगणात, मन लावून मयत वाजवत होते! मी आत 'थांबा, थांबा' म्हणतेय, पण अंकलच्या कानाला हेडफोन आणि बाहेर आठ जणांचा बॅण्ड, कोणाला ऐकू जाणार?

तेवढ्यात सालोमी मावशी मोगऱ्याची टोपली घेऊन वाटेने चालली होती. तिने बघितलं, काकूच्या, म्हणजे तिच्या हिल्डाच्या, घराला कुलूप, अंगणात बॅण्ड, शवपेटी कुठे नाही. तिने सरळ हिशेब केला. पोरगा गल्फला. पेटी अजून विमानात. आईबाप आणायला गेलेत. तिने टोपली तिथेच ठेवली, हात जोडले आणि वाडीत सांगत सुटली. अर्ध्या तासात आठ टोपल्या फुलं आली. देवळातून माणूस विचारायला आला की घंटा वाजवायची का.

आणि मग फ्लॉसी आली. शनिवार म्हणून बँक अर्धा दिवस. तळ्याजवळ कोणीतरी तिला सांगितलं. स्कूटर रस्त्याच्या मधोमध टाकून पळत आली, एक चप्पल पायात नाही, आणि अंगणाच्या मधे उभी राहून ओरडली, 'माझा ॲन्सेल्म!'

बॅण्ड थांबला. सगळे थांबले.

अंकल बाहेर आले, हेडफोन गळ्यात, मागे वायर लोंबतेय. त्यांनी बघितलं, त्यांची पोरगी मातीत बसलीय. कॉर्नेट बगलेत धरून एवढंच म्हणाले, 'माझा? केव्हापासून?'

मी मध्ये पडले आणि सगळं सांगितलं. तू जिवंत आहेस हे पहिलं, मग बाकीचं. फ्लॉसीने मला एक थोबाडीत ठेवून दिली, मग मिठी मारली. अंकल काही बोलले नाहीत. फक्त जाताना कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाले, 'याला पहिलं ताल शिकव.'

ॲन्सेल्म, तुझी गोष्ट मी उघडी पाडली. मला माफ कर. अंकल तेव्हापासून घरातून बाहेर निघालेले नाहीत.

रोवेना


मस्कत, ९ ऑक्टोबर २००३

बाय,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी रडलो, दुसऱ्या वेळी मार्कला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं पलंगावरून खाली पडलो. 'माझा ॲन्सेल्म!' नऊ माणसांसमोर! बाय, मला मरून एवढा फायदा होईल असं वाटलं नव्हतं.

माफी कसली मागतेस? मी पण खोटारडा आहे. डबा मी पाच ऑगस्टलाच घेतला. पत्र लिहिताना तो टेबलाखाली पायाशी होता. मी रोज रात्री मार्कला गायला लावतो आणि वर मीच पत्र्यावर ताल धरतो. आठ मार्क एकदम गातात. शेजारच्या खोलीवाले पठाण येऊन विचारून गेले, किती माणसं ठेवलीत?

म्हणजे आपण दोघं दोन महिने भांडलो आणि दोघांकडे आपापलं सामान आधीच होतं. आपल्या घरातली माणसं अशीच.

पण आता मस्करी नाही. अंकल गप्प आहेत असं लिहिलंस, त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. ते ओरडतात तेव्हा बरं असतं. मला बॅण्डमधून काढलं तेव्हा ओरडले होते, आणि संध्याकाळी मीच त्यांच्या घरी जेवलो होतो. गप्प बसलेले मी त्यांना कधी बघितले नाहीत. करार टेबलावर पडलाय. नाही म्हणाले तर सही करतो आणि तीन वर्षं कोणाला तोंड दाखवत नाही. हो म्हणाले तर कागदाची होडी करतो. तू जाऊन विचार. फ्लॉसीला विचारायला लावू नकोस, तिने पुरेसं केलंय.

ॲन्सेल्म


निर्मळ, २७ ऑक्टोबर २००३

प्रिय ॲन्सेल्म,

गेले होते. अंकल पडवीत कॉर्नेट पुसत होते. मी म्हटलं, अंकल, तो विचारतोय सही करू का.

ते म्हणाले, 'कशावर?'

मी म्हटलं, अजून तीन वर्षं तिकडे राहायच्या करारावर.

आतून फ्लॉसीच्या भांड्यांचा आवाज येत होता, तो बंद झाला. मग म्हणाले, 'त्याला कळव, मयत एकदा वाजवलंय, पुन्हा फुकट वाजवणार नाही. यायचं तर जिवंत ये आणि इथेच राहा. तो डबा का काय तो घेऊन ये. नऊ माणसं एकदम वाजवतात ते तो डबा घेतो ना? मग मी बघतो. पोरीचं नंतर बोलू.'

'नंतर बोलू' याचा अर्थ मला लागत नाही. फ्लॉसी म्हणते चांगला आहे. सॅन्टन काका म्हणतात वाईट आहे, कारण बोनस मागितला की पण हेच म्हणतात. तू ठरव.

आणि मी जानेवारीत नसेन. शिक्षकांच्या ट्रेनिंगला दीड महिना पुण्याला पाठवतायत. तेव्हा तुझं ते लाल बटण तूच दाब. कॉम्प्युटर मी पोत्यात गुंडाळून खोलीच्या कोपऱ्यात ठेवलाय. त्याच्याशी बोलू नकोस, दुखावलेला आहे.

रोवेना


निर्मळ, २८ जानेवारी २००४

रोवेनाबाय,

कराराची होडी मी मस्कतच्या समुद्रात सोडली, हे तुला नाताळात सांगितलं. तू पुण्याला गेलीस आणि सगळं मग घडलं. महिनाभर अंकल 'लग्नसराई आहे' म्हणत राहिले. दिवसाला दोन लग्नं. मी त्यांच्या मागे सायकलवर डबा बांधून फिरतोय, ते बघतसुद्धा नाहीत. फ्लॉसीचं नाव मी काढत नाही, ते काढत नाहीत.

काल सकाळी दार वाजलं. अख्खा बॅण्ड. अंकल म्हणाले, 'चल, कुठे आहे तुझी केळ्यांची कोठी?'

नऊ माणसं आत शिरली, बाय. ढोल आडवा करून आत घेतला. पेंढा कानात, घाम डोळ्यांत, आणि पिकल्या केळ्यांचा वास अजून भिंतीत आहे, त्यामुळे सगळ्यांना भुका. आईने दोन फण्या आणून दिल्या, ताशेवाल्याने एकट्याने सहा खाल्ली. मी दोन माइक छपराला टांगले, डबा मांडीवर घेतला, लाल बटण दाबलं. अंकलनी मान हलवली आणि फुटली वरात! वरून सुकी पानं गळायला लागली. छातीत धडधडत होतं ते ढोलाचं का माझं, कळत नव्हतं. सॅन्टन काकांचा बैल बरोबर मधे सुटला. मी इतका हसलो की डबा हलला.

ऐकवलं. अंकल डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, 'परत.' वाजवलं. 'परत.' सात वेळा. मला वाटलं आवडलं नाही. विचारलं, काय चुकलं? म्हणाले, 'चुकलं काही नाही. सुरुवातीला ढोलवाला खोकलाय तेवढं काढ.' डब्याच्या त्या काचेत मी अर्धा दिवस तो खोकला शोधतोय, सापडत नाही. तू जिंकलीस. ये आणि तुझ्या कॉम्प्युटरला पोत्यातून काढ.

मग ते म्हणाले, 'आता सगळं घे. मांडवातलं, देवळात जातानाचं, देवळातून येतानाचं, नाचाचं. एक पण सोडू नको.'

मी म्हणालो, अंकल, एवढं सगळं एका दिवसात कशाला? सीडीला चार गाणी पुरतात.

त्यांनी बाकीच्यांना बाहेर पाठवलं, पाणी प्यायला. दार लोटलं. त्या खोलीत बाहेरचं काही ऐकू येत नाही, तुला माहीत आहे. आम्ही दोघंच.

म्हणाले, 'रिटाच्या लग्नात मी वाजवत होतो. घरातून देवळापर्यंत मी बॅण्डच्या पुढे आणि पोरगी मागे, तिच्या मामाच्या हाताला धरून. मी एकदा पण वळून बघितलं नाही, चाल तुटली असती. ती कशी दिसत होती ते मी नंतर फोटोत बघितलं. यावेळी लोक म्हणतात, सॅन्टनला पुढे कर. केला असता. पण मला ठाऊक आहे, पोरगी माझ्या हाताला असणार आणि माझा कान सॅन्टनकडे. म्हणून म्हणतो, आधीच वाजवून ठेवू. झालेलं, सुधारलेलं, कोणी चुकू शकणार नाही असं. त्या दिवशी माझे हात रिकामे पाहिजेत.'

बाय, मी डबा मांडीवरून खाली ठेवला. विचारलं, 'अंकल, कोणाच्या लग्नाला?'

ते म्हणाले, 'तुझ्या आजोबांच्या! ईस्टरनंतरचा पहिला शनिवार मोकळा ठेव, गाढवा. आणि आता बोलावू का त्यांना आत, का उभाच राहणार आहेस?'

आम्ही दिवे लागेपर्यंत वाजवत होतो. शेवटची चाल घेतली तेव्हा फ्लॉसी बँकेतून येऊन दारात उभी होती. अंकलनी तिला बघितलं, पण वाजवणं थांबवलं नाही. फक्त या वेळी ते तिच्याकडे तोंड करून वाजवत होते.

ॲन्सेल्म